पावागडावरील कोळी-सर्वेक्षण शिबिर: पद्धत चोख, यादी फुगवलेली

दांडिया बाजारातून पहाटे निघाले की दीड तासाच्या आत पावागडाचा पायथा गाठता येतो, त्यामुळे ऑक्टोबरातले, कोळी (स्पायडर) शोधून मोजण्याचे हे दोन दिवसांचे शिबिर आम्हा वडोदरेकरांना सोयीचे पडते. जेवण साधे, राहण्याची व्यवस्था ठीक.

पैसे वसूल होतात ते पद्धतीमुळे. चांपानेरजवळ, माचीला आणि त्याहून वर, अशा तीन उंचींवर प्रत्येक गटाने बरोबर अर्धाच तास शोध घ्यायचा, कारण वेळ कमी-जास्त झाली तर एका जागेची दुसरीशी तुलनाच करता येत नाही, हे मार्गदर्शकांनी आधी नीट समजावले. झुडपाखाली उलटी छत्री धरायची, फांदीवर काठीचे दोन-तीन ठोके द्यायचे आणि छत्रीत काय पडते ते पाहायचे. माझ्या छत्रीत पडलेला मुंगळा मी झटकून टाकणारच होतो, पण भिंगातून पाहिले तर पाय आठ निघाले. पुढचे दोन तो मिशांसारखे उचलून हलवत होता. रात्री विजेरी कपाळावर, डोळ्यांच्या रेषेत बांधायला लावली, तेव्हा पाचोळ्यात लांडगा-कोळ्यांचे डोळे दवासारखे चमकले; तीच विजेरी हातात खाली धरली की जमीन कोरी दिसे.

तक्रार आहे ती समारोपाच्या यादीबद्दल. कोळ्याची जात बहुधा प्रौढ नर-मादीच्या जननेंद्रियांवरून, सूक्ष्मदर्शकाखाली निश्चित होते. पिल्लू हाती लागले तर कुळापर्यंत, फार तर प्रजातीपर्यंत (जीनस, म्हणजे जातीच्या वरची पायरी) पोहोचता येते. येथे मात्र पिल्लेही स्वतंत्र जाती म्हणून मोजली गेली, आणि जाळ्यात पांढरी नागमोडी नक्षी विणणाऱ्या सिग्नेचर स्पायडरचा, मादीपुढे अगदीच किरकोळ दिसणारा नर ‘अनोळखी जात’ म्हणून वेगळा नोंदवला गेला. जगभरात वर्णन झालेल्या जातींनी २०२२ मध्ये ५०,००० चा टप्पा ओलांडला. त्या मोजदादीत अशा घाईला जागा नाही. संयोजकांना मी तसे लिहिले, त्यांनी चूक मान्यही केली, पण सुधारित यादी अद्याप आलेली नाही.

तरीही पद्धत शिकायची असेल तर जरूर जावे. छत्री मात्र स्वतःची आणि फिक्या रंगाची न्यावी. त्यांच्याकडच्या काळ्या छत्रीत माझे निम्मे कोळी दिसलेच नाहीत.