आठ महिन्यांनी गादी काट्यावर चढवली तेव्हा

मागच्या दसऱ्याला ऑनलाइन मागवलेली फोमची गादी आठव्या महिन्यात सोयाबीनचे कट्टे मोजायच्या काट्यावर ठेवण्याची वेळ येईल, असे ती घेताना मला वाटले नव्हते. ओळखीच्या आडत दुकानातील हमालांची करमणूक झाली. काट्याने मात्र 8 किलो 600 ग्रॅम दाखवले.

माझ्या कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती थोडी सरकलेली आहे आणि लातूर ते औसा हा रोजचा प्रवास दुचाकीने असल्यामुळे ती सरकलेलीच राहते. गोळ्या आणि व्यायाम यांविषयी इथे लिहीत नाही. पायात मुंग्या येत असतील किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर गादी शोधत न बसता डॉक्टर गाठावा, एवढे पुरे. आमच्या घरी कंबर धरली की खाली झोपण्याचा सल्ला मिळतो. त्याप्रमाणे मी तीन आठवडे शहाबादी फरशीवर सतरंजी टाकून काढले. कंबर तशीच राहिली आणि कुशीवर झोपायची सवय असल्यामुळे खांदा व खुबा मात्र नव्याने दुखू लागले. स्पेनमध्ये जुन्या कंबरदुखीच्या 313 रुग्णांवर झालेला आणि 2003 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आलेला अभ्यास मी नंतर वाचला, त्यात 90 दिवसांनंतर कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचे दुखणे अधिक कमी झालेले आढळले होते.

म्हणून मध्यम कडक, 72 बाय 36, सहा इंच, ‘40 डेन्सिटी’ अशी गादी 6,499 रुपयांना घेतली. गंजगोलाईतील एका कारागिराने तशीच गादी 7,500 ला सांगितली होती. एक हजार एक रुपये वाचले, म्हणजे अहेराची रक्कम वाचली, या आनंदात मी त्याच्या दुकानातून बाहेर पडलो.

पहिले तीन महिने कौतुकाचे होते आणि तेव्हा हा अभिप्राय लिहिला असता, तर मी पाचपैकी पाच तारे दिले असते. संक्रांतीनंतर मात्र सकाळी उठताना कंबर पुन्हा अवघडू लागली. गादीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिवणाचा दोरा ताणून मध्ये पट्टी उभी धरली, तेव्हा खोलगटपणा पाऊण इंच भरला. त्यानंतर दर रविवारी मी तो मोजत आलो आहे आणि वहीत तारखेनिशी लिहिलेही आहे. घरच्यांचे यावरचे मत इथे देण्यासारखे नाही. सात वर्षांची वॉरंटी एक इंचापेक्षा अधिक खोलगटपणालाच लागू होते, हे मला तेव्हा समजले. तपासणीला आलेल्या माणसाने दिवसभर भिंतीला उभी करून ठेवलेली गादी आडवी केली, लगेच मोजली आणि अर्धा इंच लिहून नेला.

इथून माझे लक्ष इंचांवरून वजनाकडे वळले. आपल्याकडे कापसाची गादी वजनावरच होत असे. किती किलो कापूस घालायचा हे आधी ठरायचे आणि पिंजारी समोर तोलून द्यायचा. फोमची गादी मात्र इंच आणि वॉरंटीची वर्षे सांगून विकली जाते. ‘40 डेन्सिटी’ म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन 40 किलो. माझ्या गादीचे आकारमान 0.255 घनमीटर येते. त्या हिशेबाने नुसता फोम 10 किलो 200 ग्रॅम भरायला हवा होता. चेन उघडून खोळ वेगळी तोलली, ती 900 ग्रॅम भरली. उरलेल्या 7 किलो 700 ग्रॅमला आकारमानाने भागले, तर उत्तर 30 येते. डेन्सिटी आणि कडकपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. हलका फोमही पहिल्या दिवशी हाताला कडक लागू शकतो, पण तो लवकर बसतो. हे सारे फोटोंसह कळवल्यावर, चेन उघडल्यामुळे वॉरंटी संपुष्टात आली आहे, असे उत्तर आले आणि सोबत पुढील खरेदीवर वीस टक्के सवलतीचे कूपन आले. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.

एवढे लिहून झाल्यावर एक कबुलीही द्यावी लागते. गादी वजन करायला उचलली, तेव्हा खालचा पलंग प्रथमच नीट पाहिला. त्याच्या लोखंडी पट्ट्यांमध्ये सहा-सहा इंचांचे अंतर आहे आणि मधल्या दोन पट्ट्या खाली वाकलेल्या आहेत. 1,100 रुपयांचा प्लायवूड कापून त्यावर टाकला आणि पंधरा दिवसांत सकाळचे अवघडणे अर्ध्यावर आले. म्हणजे मी गादीच्या नावे लिहिलेला निम्मा दोष पलंगाचा होता. उरलेल्या निम्म्यासाठी, ज्याला सोडून आलो होतो त्याच कारागिराकडून फोमचा चुरा दाबून केलेला दोन इंचांचा थर 1,400 रुपयांना आणून गादीखाली घातला. तो त्याने मी न सांगताच काट्यावर ठेवला आणि साडेआठ किलो असल्याचे दाखवले. आता झोप चांगली लागते. एकूण खर्च 8,999 झाला, म्हणजे 7,500 च्या गादीपेक्षा दीड हजाराने जास्त.

गेल्या आठवड्यात सासरे मुक्कामाला होते. मी सतरंजीवर झोपलो आणि गादी त्यांना दिली. सकाळी उठल्यावर, इतकी छान गादी कुठून मागवली, असे त्यांनी आवर्जून विचारले. त्यांचे वजन 52 किलो आहे, माझे 84.