जीईएम कपलर: शिरेसाठी हवाच, धमनीसाठी नको

मानेतली किंवा छातीतली मोठी गाठ काढल्यावर उरलेली जागा भरायला मांडीवरचा एएलटी फ्लॅप (मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूचा, स्वतःच्या रक्तवाहिन्यांसकट उचललेला त्वचेचा तुकडा) आणला, तर त्याची धमनी आणि शीर तिथल्या वाहिन्यांना जोडावी लागते. गुठळी धमनीपेक्षा शिरेत जास्त वेळा होते. शिरेची भिंत पातळ, ती टाक्याखाली मिटते आणि समोरच्या भिंतीचा टाका नकळत मागच्या भिंतीत जातो. कपलरमध्ये, म्हणजे टाक्यांऐवजी दोन रिंगांनी शिरेची टोकं जोडणाऱ्या साधनात, ही भीतीच उरत नाही, आणि आमच्या मते त्याचा खरा फायदा हाच. वेळ वाचतो ते वेगळंच: ९-० नायलॉनने (अतिशय बारीक धाग्याने) हाताने जोडायला वीसेक मिनिटं, याने पाचेक.

प्लास्टिकच्या दोन रिंगा, त्यांवर स्टीलच्या बारीक पिना. मापं १ ते ४ मिमी, अर्ध्या मिमीच्या फरकाने. शीर ताणून मोजू नका. आकुंचन उतरू द्या, मग गेज (माप घेण्याची पट्टी) लावा आणि दोन टोकांतल्या लहान टोकाचं माप धरा. मोठी रिंग घेतली की शीर पिनांवर फाटते. रिंगा एकदाच वापरायच्या आणि महाग, त्यामुळे माप पक्कं झाल्याशिवाय पाकीट फोडू नये.

टोक रिंगमधून ओढून बाहेरच्या बाजूला उलटवायचं. आधी एकाआड एक तीन पिना, मग मधल्या. प्रत्येक पिन आतल्या अस्तरातून आरपार गेली आहे का, हे मायक्रोस्कोपखाली पाहाच. नुसत्या बाहेरच्या आवरणात अडकली तर तिथेच गुठळी धरते. शिरेला पीळ नाही ना, हेही आताच पाहायचं. रिंगा धरणाऱ्या उपकरणाचा नॉब फिरवून त्या जवळ आल्या की उपकरणातून सुटण्याआधी आर्टरी फोर्सेप्सने (चिमट्याने) हलकेच दाबून घ्यायच्या.

छातीत इंटर्नल मॅमरी शिरेला (छातीच्या मधल्या हाडालगतच्या शिरेला) कपलर छान बसतो, पण डावी शीर बहुधा उजवीपेक्षा बारीक असते. रेडिएशन झालेल्या मानेत शीर ताठ आणि ठिसूळ मिळते. ती उलटत नसेल तर हट्ट सोडून टाके घालावेत. धमनीची जाड भिंतही अशीच उलटत नाही, तिथे हातच बरा.

रिंग ताठ असल्याने शीर तिच्या लगतच दुमडते. त्वचा बंद करण्याआधी मान दोन्ही बाजूंना वळवून पाहावी. पुढचे ४८ ते ७२ तास फ्लॅप वारंवार तपासायचा: जांभळा पडला, दाबून सोडल्यावर रंग झटकन परतला, सुई टोचल्यावर काळपट रक्त आलं, तर सकाळची वाट न पाहता ऑपरेशन थिएटर उघडायचं.