फायर सेफ्टी डिप्लोमाला पैसे भरताय? आधी हे वाचा

बारावी झाली, पुढे काय ते ठरत नाही, अशा पोरांना हे खासगी संस्थावाले बरोब्बर गाठतात. एका वर्षात फायर अँड सेफ्टी डिप्लोमा, १०० टक्के प्लेसमेंट, महापालिका, एअरपोर्ट, गल्फ. माझ्या धाकट्या भावाला असंच गाठलं, आईने पतसंस्थेतून कर्ज काढलं.

फी सांगितली ३५ हजार. ती भरल्यावर युनिफॉर्म-बुटांचे वेगळे, परीक्षा फी वेगळी, प्रॅक्टिकलचे वेगळे आणि शेवटी सर्टिफिकेट पाहिजे तर पदवीदान समारंभाचे अजून ४ हजार, असं करत करत साठच्या वर गेलं. ओरिजिनल मार्कशीट पहिल्याच दिवशी व्हेरिफिकेशनच्या नावाखाली ठेवून घेतलेल्या, म्हणजे पोरगं मधेच सोडून पण जाऊ शकत नाही. शिकवलं काय, तर झेरॉक्स नोट्स आणि एक सिलिंडर. होज पाइपमधून पाणी कधी सोडलंच नाही, फक्त गुंडाळायला लावायचे.

मग फायरमनची भरती निघाली आणि कागदपत्र तपासणीच्या टेबलावरच हा बाद. जाहिरातीत स्पष्ट होतं की दहावी पास, राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा ६ महिन्यांचा अग्निशामक कोर्स आणि एमएस-सीआयटी. हे केंद्र मुंबईत, सांताक्रूझला कलिन्यात आहे, सरकारचं. आणि उंची १६५ सेंमी. आमचा १६३! अख्ख्या वर्षात त्या लोकांनी टेप लावून बघितलं नाही, बघतील कशाला म्हणा.

जाब विचारायला गेलो तर संचालक साहेबांनी भिंतीवरच्या फ्रेम दाखवल्या, एक आयएसओची आणि एक ट्रस्टच्या नोंदणीची. अहो, ट्रस्ट नोंदवलाय याचा अर्थ ट्रस्ट आहे एवढाच, कोर्सला मान्यता त्याने मिळत नाही, आयएसओने तर नाहीच. प्लेसमेंट म्हणून जे दिलं ते चाकणला सिक्युरिटी गार्डचं काम, बारा तास उभं राहायचं, त्याला डिप्लोमा लागतच नाही.

खरे रस्ते आहेत हो, कलिन्याचं वर सांगितलंच. ग्रॅज्युएट असाल तर तिथेच सब-ऑफिसरचा कोर्स आहे. नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, १९५६ पासूनचं, केंद्राच्या गृह खात्याचं, तिथे फायर इंजिनिअरिंगची पदवी मिळते. मिळतंजुळतं नाव लावून दुकानं चालतात त्यामुळे पूर्ण नाव बघा. कारखान्यात सेफ्टी ऑफिसर व्हायचं असेल तर एमएसबीटीईचा, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचा, इंडस्ट्रियल सेफ्टीचा ॲडव्हान्स डिप्लोमा, पण तो इंजिनिअरिंग किंवा सायन्सची पदवी झालेल्यांसाठी, नुसत्या बारावीवर नाही. कुणी बारावीवर सेफ्टी ऑफिसर करतो म्हणाला तर तिथूनच उठा. आणि पैसे भरायच्या आधी मागच्या दोन-तीन भरतीच्या जाहिराती काढून पात्रतेची ओळ स्वतः वाचा, काउन्सेलर मॅडमच्या तोंडून नको.

मार्कशीट परत मिळाल्या, त्याही पोलीस स्टेशनला अर्ज दिला तेव्हा. पैशांसाठी ग्राहक आयोगात जायचं ठरवलं, वकिलाने पावत्या मागितल्या. सगळ्या नीट ठेवलेल्या होत्या, पण कोर्सचं नाव एकीवरही नाही, सगळीकडे 'ट्रस्टला ऐच्छिक देणगी' छापलेलं आणि खाली आईची सही.