बाळंतपणाच्या रजेचा पगार कोणी द्यावा: मालकाने की सामाजिक विम्याने?

रजा किती आठवड्यांची, यावर भांडण होतं. पैसे कोणाच्या खिशातून जातात, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

पहिली पद्धत: मालकाने भरायचं. भारताने 2017 मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा 12 वरून 26 आठवडे केली. ज्या बायका कर्मचारी राज्य विमा (ESI) या कामगारांसाठीच्या सरकारी विमा योजनेखाली येत नाहीत, त्यांचा त्या काळातला पगार मालकच देतो. हेतू चांगलाच. पण छोट्या कंपनीचा मालक उमेदवार निवडताना तरुण बाईकडे संभाव्य खर्च म्हणून पाहू लागतो. नोकरीच मिळाली नाही, तर रजेचा हक्क वापरायचा कुठे?

दुसरी पद्धत: खर्च सगळ्यांत वाटायचा. स्वीडनमध्ये एका मुलामागे 480 दिवसांचा भत्ता सामाजिक विम्यातून मिळतो, त्यातल्या 390 दिवसांचा उत्पन्नाच्या प्रमाणात. मालकाच्या दृष्टीने बाई 'महाग' ठरत नाही. त्यातही मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे: प्रत्येक पालकाचे 90 दिवस राखीव आहेत, बापाने घेतले नाहीत तर ते बुडतात. म्हणजे तरुण पुरुषही रजेवर जाणार, हे मालक धरूनच चालतो.

विम्यासाठी कर वाढतो, आणि नोंद नसलेल्या मजूर बाईपर्यंत विमा आपोआप पोहोचत नाही. तरी माझा कौल दुसऱ्या पद्धतीलाच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2000 सालचा मातृत्व संरक्षण करारही विमा किंवा सार्वजनिक निधीकडेच बोट दाखवतो.