अंडर-कन्स्ट्रक्शन की रिसेल? दोन्ही घेऊन बसलेल्याचं मत

2025 च्या फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) 6.50 वरून 5.25 टक्क्यांवर आला आणि ओळखीतल्यांचे फोन सुरू झाले. "आता घेऊन टाकावं का? आणि घ्यायचंच तर नवीन बुकिंग करू की रिसेल बघू?" पहिल्या प्रश्नावर मी गप्प बसतो. दुसऱ्यावर थोडं बोलू शकतो, कारण पुण्यात दोन्ही करून झालंय. डिसेंबर 2020 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या बाजूला बांधकाम चालू असलेला टू बीएचके बुक केला. 2025 मध्ये आईबाबांसाठी सिंहगड रोडला जुन्या सोसायटीत रिसेल घेतला.

कराचं आधी उरकून घेऊ. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर 5 टक्के जीएसटी लागतो (45 लाखांच्या आतल्या, परवडणाऱ्या व्याख्येत बसणाऱ्या घराला 1 टक्का), रिसेलवर काहीच नाही. मुद्रांक शुल्क दोन्हीकडे सारखंच. मी बुकिंग केलं तेव्हा त्यात 3 टक्क्यांची सवलत होती आणि ती महिनाअखेरीनंतर 2 टक्क्यांवर येणार होती, म्हणून आम्ही घाईघाईने सह्या केल्या. 60 लाखांवर 1 लाख 80 हजार वाचवले म्हणून मी ऑफिसात पेढे वाटले. त्याच घरावर जीएसटी 3 लाख भरला, हे मात्र घरी बसून बेरीज केल्यावर लक्षात आलं. असो. सप्टेंबर 2025 मध्ये सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. त्यापायी फ्लॅटचा दर उतरल्याचं पत्र माझ्या ओळखीत अजून कोणाला आलेलं नाही.

रिसेलमध्ये वाचलेला जीएसटी प्लंबर आणि वायरमन नेतात, हेही सांगायला हवं. आईबाबांचा फ्लॅट 1996 च्या इमारतीतला. बाथरूमचे जस्ताचा लेप दिलेले लोखंडी पाइप आतून इतके गंजलेले की मिस्त्रीने एक तुकडा कापून माझ्या हातात दिला, त्यातून काडेपेटीची काडी जेमतेम जाईल. पाइप, वायरिंग, किचनचा ओटा धरून चार लाखांच्या वर गेले. लिफ्ट नाही, पण घर पहिल्या मजल्यावर म्हणून चालून गेलं.

कागदांचा ताप रिसेलमध्ये जास्त, यात वाद नाही. आमच्या विक्रेत्याकडे त्याचा स्वतःचा करारनामा होता, पण त्याच्या आधीच्या मालकाचा मूळ करारनामा गहाळ. बँकेचा वकील अडून बसला, शेवटी दुय्यम निबंधक कार्यालयातून इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा) आणि नोंदणीची नक्कल काढून आणली. त्यात दीड महिना गेला. सोसायटीचं हस्तांतरण शुल्क जास्तीत जास्त 25 हजार घेता येतं, तरी कमिटीतल्या एका काकांनी "विकास निधी, स्वेच्छेने" असं म्हणत आणखी एक आकडा सुचवलाच. आमची स्वेच्छा झाली नाही. 50 लाख किंवा त्यावर किंमत असली की 1 टक्का टीडीएस कापून भरणं घेणाऱ्याचं काम. बिल्डरकडे त्यांचा अकाउंटंट चार वेळा आठवण करतो, इथे कोणी करत नाही. आणि सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे की अजून मूळ मालकाच्याच, हे विचारल्याशिवाय टोकन देऊ नका. पुढेमागे रीडेव्हलपमेंटचा विषय निघाला की सगळं तिथेच येऊन अडतं.

एक गोष्ट मात्र सोपी गेली. घर एकट्या आईच्या नावावर घेतल्याने मुद्रांक शुल्कात महिला खरेदीदाराची 1 टक्का सवलत मिळाली. पूर्वी असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नसे, ती अट 2023 मध्ये गेली.

एवढं वाचून वाटेल की मी नव्या बुकिंगच्या बाजूचा आहे. तसं वाटावं अशी सोय नव्या घरात असतेच: पार्किंग लिहून मिळतं, लिफ्ट दोन-दोन असतात, रेरा या गृहप्रकल्पांच्या कायद्याखाली पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर असते. प्रत्यक्षात मला जी गोष्ट खटकली ती पैसे मागण्याच्या वेळापत्रकात आहे.

महारेराच्या (या कायद्याखालच्या राज्यातल्या प्राधिकरणाच्या) नमुना करारातली टप्प्यांची यादी एकदा शांतपणे वाचा. करारानंतर 30 टक्क्यांपर्यंत, प्लिंथ (जोतं) झाल्यावर 45 पर्यंत, सगळे स्लॅब पडले की 70 पर्यंत. भिंती, आतलं प्लास्टर, फरशी, दारं-खिडक्या हे सगळं मिळून पुढचे फक्त 5 टक्के. म्हणजे सांगाडा उभा राहीपर्यंत सत्तर टक्के पैसे गेलेले असतात, आणि सांगाड्यात राहता येत नाही. स्लॅब भराभर पडतात. का पडतात ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

आमचा शेवटचा स्लॅब मे 2022 मध्ये पडला. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने रेपो वाढवायला सुरुवात केली, 4 टक्क्यांवरचा दर फेब्रुवारी 2023 पर्यंत 6.50 झाला. माझं कर्ज रेपोला बांधलेलं. बँकेने तोपर्यंत 27 लाख दिले होते, 6.90 टक्क्यांनी त्याचं नुसतं व्याज महिना साडेपंधरा हजार होत होतं, 9.40 झाल्यावर 21 हजार 150. वर भाडं 18 हजार. प्री-ईएमआय, म्हणजे ताब्याआधी नुसतं व्याज भरायचं, असल्यामुळे मुद्दल एका रुपयाने कमी होत नव्हतं.

दर रविवारी आम्ही दोघं साइटवर जायचो. हिरवी जाळी, उघड्या विटा आणि आमच्या सातव्या मजल्यावर कबुतरं. वॉचमनने पार्किंगच्या जागेत मेथी लावली होती, बायको त्याच्याकडून जुडी घ्यायची. मेथी चार वेळा निघाली तरी आमच्या हॉलला प्लास्टर लागलं नाही. बिल्डरच्या ऑफिसात विचारलं की "मटेरियल येतंय सर".

मग रेराकडे तक्रार का केली नाही, असं विचारतात. उशीर झाला तर व्याज मागायचा हक्क आहे, कायद्याचं 18 वं कलम त्यासाठीच आहे. पण सेल्सवाल्याने तोंडी सांगितलं होतं डिसेंबर 2022, करारात तारीख होती डिसेंबर 2023, आणि वर कोविडची सहा महिन्यांची मुदतवाढ. ताबा मिळाला ऑगस्ट 2024 मध्ये. कायद्याच्या हिशेबाने बिल्डर फार तर दोन महिने लेट. माझ्या हिशेबाने शेवटच्या स्लॅबनंतर सत्तावीस महिने.

माझा अनुभव म्हणजे नियम नव्हे. माझ्या मावसभावाला त्याच सुमारास बुक केलेला फ्लॅट वेळेत मिळाला आणि तो आजही मजेत आहे. तुम्ही स्वतःच्या किंवा वडिलांच्या घरात राहत असाल, भाडं भरत नसाल, पहिली तीन वर्षं घराची घाई नसेल, तर नव्या बुकिंगचा दर खरंच बरा पडू शकतो. काम शेवटच्या टप्प्यात आलेलं असेल तर आणखी बरं. भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मिळाल्यावर थेट बिल्डरकडून घेतलं तर जीएसटीही नाही. पण तेवढा तो किमतीत धरतोच, असा माझा अंदाज.

भाड्याच्या घरात राहून ईएमआयवर घर घेणाऱ्यांना मात्र मी हळूच रिसेलकडे ढकलतो. रिसेलचा त्रास डोळ्यांना दिसतो. आईबाबांचं घर बघायला मी सकाळी साडेसहाला गेलो, नळ सोडला, बादली भरायला किती वेळ लागतो ते पाहिलं. खाली नोटीस बोर्डवर मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी होती, शेजारी मे महिन्याचं टँकरचं बिल. शेजारच्या काकूंनी गच्ची कुठे गळते तेही सांगितलं. सौदा झाला तेव्हा काय पदरात पडतंय हे मला माहीत होतं, आणि पैसे दिले त्याच महिन्यात किल्ली हातात आली.

तरीही नवंच बुक करणार असाल, तर साइटवर रविवारच्या ऐवजी मंगळवारी दुपारी जा आणि प्लास्टरचे कामगार किती आहेत ते मोजा. शेवटचा स्लॅब कधी पडला ते वॉचमनला विचारा. पार्किंगमध्ये मेथी दिसली तर ती कितवी आहे तेही विचारून घ्या.