हेवी डिपॉझिट की महिन्याचं भाडं: फ्लॅट भाड्याने देण्याआधीचा हिशोब

ठाणे, डोंबिवली, मीरा रोड भागात वन बीएचके भाड्याने द्यायला काढला की ब्रोकरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "रेंटवर द्यायचाय की हेवीवर?" रेंटवर म्हणजे दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट आणि दर महिन्याला भाडं. हेवीवर म्हणजे एकदम काही लाख हातात, भाडं शून्य किंवा नावापुरतं, आणि करार संपला की सगळी रक्कम बिनव्याजी परत. याची पागडीशी गल्लत करू नका. पागडीची रक्कम परत करायची नसते आणि तिथे भाडेकरूचे हक्कही वेगळे असतात. इथे देणारा लायसन्सी (म्हणजे भाडेकरू), घेणारा मालक, आणि कागद तोच लिव्ह अँड लायसन्सचा.

ब्रोकर सांगतो, हेवीत कटकट नाही. भाडं थकणार नाही, पाच तारखेला फोन करायला नको. ते खरं आहे. पण हेवी डिपॉझिट हे कर्ज आहे, हे तो सांगत नाही. तुम्ही भाडेकरूकडून पैसे उसने घेता आणि सोडून दिलेलं भाडं हे त्या पैशाचं व्याज असतं. म्हणून निर्णय घेण्याआधी एकच आकडा काढायचा: हे कर्ज आपल्याला किती टक्क्यांनी पडतंय?

बाजारात २०,००० रुपये भाडं येणारा एक वन बीएचके धरू. करार ११ महिन्यांचा, आणि डिपॉझिटचे पैसे ६.५ टक्क्यांच्या एफडीत.

| | महिन्याचं भाडं | मधला मार्ग | हेवी |
|---|---|---|---|
| डिपॉझिट | ६०,००० | ६,००,००० | १५,००,००० |
| महिन्याचं भाडं | २०,००० | १४,००० | ० |
| ११ महिन्यांचं भाडं | २,२०,००० | १,५४,००० | ० |
| डिपॉझिटवरचं व्याज | ३,५७५ | ३५,७५० | ८९,३७५ |
| हातात एकूण | २,२३,५७५ | १,८९,७५० | ८९,३७५ |
| मुद्रांक शुल्क सुमारे | ५६४ | ५२३ | ३४४ |

सोसायटीचा मेंटेनन्स साधारणपणे मालकच भरतो. तो महिना ३,५०० धरला तर ११ महिन्यांचे ३८,५०० तिन्ही रकान्यांतून वजा होतात. पहिल्यात १,८५,०७५ उरतात, हेवीत ५०,८७५. हेवीवर देताना मेंटेनन्स कोणी भरायचा हे करारात लिहिलं नाही, तर मालकाला बिनभाड्याच्या घराचा मेंटेनन्स खिशातून भरत बसावं लागतं.

आता टक्केवारी. सूत्र सोपं आहे: वर्षाला सोडलेलं भाडं भागिले जास्त घेतलेलं डिपॉझिट. हेवीत वर्षाचे २,४०,००० सोडले आणि १४,४०,००० जास्त घेतले, म्हणजे १६.६७ टक्के. मधल्या मार्गात वर्षाचे ७२,००० सोडले आणि ५,४०,००० जास्त घेतले, म्हणजे १३.३३ टक्के. तुमच्याकडे आलेल्या ऑफरचे आकडे याच सूत्रात घाला. लाखामागे हजार रुपये भाडं कमी होत असेल तर दर १२ टक्के, दीड हजार कमी होत असेल तर १८.

हा दर कशाशी ताडायचा? त्या पैशाचं तुम्ही जे करणार आहात त्याच्याशी. साडेआठ टक्क्यांचं गृहकर्ज फेडायला १३ टक्क्यांचे पैसे घेणं म्हणजे तोटाच. नुसती एफडी करायला घेणं त्याहून वाईट, कारण ६.५ टक्क्यांच्या एफडीतून २०,००० महिना हवा असेल तर डिपॉझिट सुमारे ३७ लाख लागेल, आणि वन बीएचकेला एवढं कोणी देत नाही. क्रेडिट कार्डची थकबाकी किंवा १८ टक्क्यांवरचं पर्सनल लोन डोक्यावर असेल तर मात्र १३ टक्क्यांचा पैसा स्वस्त पडतो. फ्लॅट-मालकांमध्ये अशी वेळ फार थोड्यांवर येते. बाकीच्यांना सोन्यावरचं कर्जही यापेक्षा स्वस्त मिळतं आणि त्यासाठी घर गुंतवावं लागत नाही.

आयकरातही पारडं भाड्याच्या बाजूने झुकतं. घरभाड्याच्या उत्पन्नातून आधी भरलेला पालिकेचा कर वजा होतो आणि उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, खर्चाची पावती असो वा नसो. म्हणजे २,२०,००० भाड्यातले ढोबळमानाने १,५४,००० करपात्र. एफडीच्या व्याजाला अशी सूट नाही, ८९,३७५ पूर्ण करपात्र. शिवाय करारात भाडं शून्य लिहिलं म्हणून घराचं उत्पन्न शून्य धरलं जाईलच असं नाही. भाड्याने दिलेल्या घराचं वार्षिक मूल्य ठरवताना त्याला वाजवी अपेक्षित भाडं किती आलं असतं हेही कायदा बघतो. शून्य भाड्याचा करार करण्याआधी सीएला हा प्रश्न जरूर विचारा.

मुद्रांक शुल्काच्या ओळीकडे बघून काही ठरवू नका, फरक दोन-अडीचशे रुपयांचा आहे. हिशोब असा: मुदतीचं एकूण भाडं, त्यात परतीच्या डिपॉझिटवर वार्षिक १० टक्के दराने धरलेलं व्याज, आणि त्या बेरजेच्या ०.२५ टक्के. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये.

करारनामा जास्त काळजीने बघण्याची गोष्ट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती चुकली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठा फटका पुढे आहे: नोंदणी नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, उलटं सिद्ध होईपर्यंत. पंधरा लाखांच्या व्यवहारात ही जोखीम कोण घेईल? तरी लोक घेतात. करारात पाच लाख दाखवायचे आणि दहा रोख घ्यायचे, हा प्रकार अजून चालतो. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्यात मनाई आहे आणि दंड घेतलेल्या रकमेएवढा आहे. डिपॉझिट आरटीजीएसने किंवा चेकने घ्या, आणि व्यवहाराचा क्रमांक करारातच छापा.

भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम २४ मुळे मालकाचा हात बळकट होतो. मुदत संपूनही लायसन्सी घर सोडत नसेल तर दिवाणी दाव्याच्या फेऱ्यात न अडकता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तिथे समोरच्याला बाजू लढवायचीही आधी परवानगी मागावी लागते. आणि जितके दिवस तो जास्त राहील तितक्या दिवसांची भरपाई लायसन्स फीच्या, म्हणजे करारातल्या भाड्याच्या, दुप्पट दराने मिळते. इथेच हेवीवाल्यांची फजिती होते. करारात फी शून्य असेल तर शून्याची दुप्पट किती? म्हणून हेवीवर देतानाही काहीतरी मासिक फी लिहा, आणि मुदतीनंतर राहिल्यास रोजची भरपाई किती, तो आकडा वेगळ्या कलमात घाला. शिवाय शून्य फी आणि मोठी रक्कम असा कागद परवान्यापेक्षा घर गहाण टाकून घेतलेल्या कर्जासारखा दिसतो. भांडण झालं तर समोरचा वकील पहिलं बोट त्यावरच ठेवेल.

पण कलम २४ कितीही पक्कं असलं तरी तुम्ही पैसे परत केले नाहीत तर ते वापरायला तोंड राहत नाही. हेवीतला सगळा धोका शेवटच्या दिवसात साठलेला असतो. पंधरा लाखांतले सहा मुलीच्या लग्नात गेले, चार गाडीत, आणि भाडेकरू म्हणतो, "पैसे द्या, चावी घ्या." त्याचं चूक नाही. मालकाचा भरवसा पुढच्या भाडेकरूच्या डिपॉझिटवर असतो. पुढचा म्हणतो, घर रिकामं दाखवा मग पैसे देतो. जुना म्हणतो, पैसे मिळाले की रिकामं करतो. मध्ये तुम्ही. पुढचं गिऱ्हाईक कमी डिपॉझिटचं निघालं तर फरकाची रक्कम आठ दिवसांत कुठून आणणार?

हे टाळायचं तर पैसे खर्चू नयेत. आणि खर्चायचे नसतील तर घ्यायचेच कशाला, हा प्रश्न परत वरच्या टक्केवारीपाशी आणून सोडतो. तरी घेतलेच असतील तर एका पावतीत ठेवू नका. बँक ठेवींवरचं विमा संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत आहे, म्हणून पंधरा लाख किमान चार बँकांत विभागा. अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून सगळे एका सहकारी बँकेत टाकणाऱ्यांनी सप्टेंबर २०१९ मधली पीएमसी बँक आठवावी. निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. भाडेकरूला हे कारण सांगून चालत नाही. एफडीची मुदत करार संपण्याआधी आठ-दहा दिवस संपेल अशी ठेवा, मोडावी लागली तर व्याज कापलं जातं. संयुक्त नावावर घर असेल तर दोघांच्या सह्या आणि डिपॉझिट कोणाच्या खात्यात आलं याची नोंद करारात हवी. मालक मध्येच गेला तर ही रक्कम वारसांच्या डोक्यावर येते, म्हणून घरच्यांना तिचा पत्ता असू द्या.

महिन्याच्या भाड्याची बाजू स्वच्छ आहे असं नाही. तिथला कमकुवत सांधा म्हणजे तुटपुंजं डिपॉझिट. आठव्या महिन्यापासून भाडं थांबलं आणि तुम्ही "देईल, देईल" म्हणत मुदत संपेपर्यंत थांबलात तर थकबाकी ८०,००० होते. हातात ६०,०००. वर थकलेलं लाइटबिल, आणि भिंतीला ठोकलेल्या टीव्ही स्टँडची भोकं. इथे दोन गोष्टी कामाला येतात. दोन महिन्यांचं भाडं थकल्यास परवाना संपेल आणि त्यासाठी १५ दिवसांची लेखी सूचना पुरेल, असं कलम करारात ठेवा. आणि दुसरा हप्ता चुकला की दहा तारखेच्या आत ती सूचना पाठवा, व्हॉट्सॲपवर आणि स्पीड पोस्टनेही. भाड्याचे पैसे बँकेतूनच घ्या. अर्धं रोख, अर्धं यूपीआय असं चाललं की थकबाकीचा आकडाच वादात सापडतो.

काही कामं दोन्हीकडे सारखीच. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यावीच लागते, सोसायटीला कराराची प्रत द्यायची. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते तो नॉन-ऑक्युपन्सी चार्ज सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही, पालिकेचा कर त्यात धरायचा नाही. ही मर्यादा ऑगस्ट २००१ पासूनची आहे, पण हेवीवर दिलाय म्हणून जास्त मागणाऱ्या कमिट्या भेटतात. फ्लॅटवर गृहकर्ज असेल तर बँकेच्या कागदात भाड्याने देण्याबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा.

परदेशात राहणाऱ्या मालकांना हेवीचा मोह जास्त होतो, कारण अनिवासी मालकाच्या भाड्यातून भाडेकरूला उगमस्थानी कर कापावा लागतो. निवासी मालकासाठी असलेली महिना ५०,००० ची मर्यादा तिथे लागू नाही, आणि ते झंझट भाडेकरूला नको असतं. पण अमेरिकेत किंवा दुबईत बसून शेवटच्या दिवशी पंधरा लाख परत करणं आणि घर ताब्यात घेणं हे त्याहून मोठं झंझट आहे. कुलमुखत्यारपत्र दिलेलं विश्वासाचं माणूस इथे नसेल तर हेवीच्या वाटेला जाऊ नये.

मग मधला मार्ग? दर १२ टक्क्यांच्या आत बसत असेल आणि आधी भाडं थकण्याचा अनुभव असेल तर विचार करण्यासारखा आहे. सहा लाख हाताशी असले की थकबाकीची भीती उरत नाही आणि परतफेडही आवाक्यात असते. वर दाखवलेला १३.३३ टक्क्यांचा सौदा मात्र घासाघीस न करता घेऊ नये. सहा लाख डिपॉझिट असेल तर भाडं १४,००० ऐवजी १५,००० मागा, दर ११.११ टक्क्यांवर येतो. तेही जमत नसेल तर सरळ भाड्यावर द्या आणि डिपॉझिट तीनऐवजी चार महिन्यांचं मागा.

घर सोडायच्या दिवसाचा क्रम, डिपॉझिट काहीही असो: भाडेकरूचं खातं तुमच्या बँकेत लाभार्थी म्हणून दोन दिवस आधी जोडून ठेवा, कारण नवीन लाभार्थ्याला पहिल्या दिवशी मोठी रक्कम पाठवू न देणाऱ्या बऱ्याच बँका आहेत. सामान हलल्यावर, घर रिकामं असताना, सुरुवातीच्या दिवशीचा व्हिडिओ मोबाइलवर लावून खोलीखोलीतून फिरा. नळ सोडून बघा, गीझर लावा, सिंकखालचं कपाट उघडून ओल बघा. वीज मीटरच्या आकड्याचा फोटो काढा. नुकसानीची रक्कम तिथेच ठरवून कागदावर दोघांची सही घ्या. शेवटच्या वीजबिलापुरते आणि गॅसबिलापुरते पैसे पंधरा दिवस राखून ठेवायचे असं करारात असेल तर तेवढेच राखा, बाकी रक्कम समोर बसून बँकेतून पाठवा. समोरच्याला पैसे जमा झाल्याचा मेसेज आला की चाव्या मोजून घ्या, लॅचच्या तीन असतील तर तिन्ही, आणि पूर्ण डिपॉझिट मिळाल्याची व ताबा दिल्याची पावती त्याच बैठकीत लिहून घ्या.