भाच्याचा ९० हजारांचा गेमिंग पीसी: कोटेशनवर पूर्ण मॉडेल लिहून घ्या

गेल्या वर्षी, २०२५ च्या गणपतीआधी, भाच्यासाठी गेमिंग पीसी बांधला. तेव्हाच लिहिणार होतो, पण नवीन असताना सगळंच भारी वाटतं, म्हणून मुद्दाम काही महिने वापरू दिला. मॉनिटर सोडून बजेट ९० हजार, त्यातले अर्धे त्याने स्वतः साठवलेले आणि अर्धे ताईचे, त्यामुळे एक पार्ट जरी चुकला असता तरी मला फार लागलं असतं.

पहिल्या दुकानात मिळालेलं कोटेशन अजून जपून ठेवलंय. चिठ्ठीवर एवढंच: आय सेव्हन, १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी, ८ जीबी ग्राफिक कार्ड, ५०० वॅट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट, आणि खाली ८५,००० ला गोल. मी विचारलं आय सेव्हन (इंटेलचा प्रोसेसर) कितव्या जनरेशनचा, तर म्हणे चांगलाच आहे, सगळे हाच नेतात. एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टना वीज देणारा डबा, कुठल्या कंपनीचा विचारलं तर म्हणे तो कॅबिनेटसोबतच येतो. भाच्याची नजर तोवर लाइटवाल्या कॅबिनेटवर खिळलेली. मी त्याला बाहेर आणला, चहा पाजला आणि ती चिठ्ठी उघडून दाखवली, बघ, सहा ओळी आहेत आणि एकातही पूर्ण नाव नाही. आय सेव्हन म्हणजे दहा वर्षांपूर्वीचाही असू शकतो. एसएसडी साटा (जुन्या, हळू जोडणीचा) असेल तर साधारण ५५० एमबी पर सेकंद, आणि एनव्हीएमई जेन फोर (नवीन, वेगवान जोडणीचा) असेल तर त्याच्या कित्येक पट, पण चिठ्ठीवर दोन्हीसाठी १ टीबी एसएसडीच लिहितात. तो म्हणाला, मामा, मग आपणच लिस्ट करू ना. दोन रात्री बसून केली.

सुरुवात ग्राफिक कार्डापासून केली, कारण गेमिंगमध्ये पैसा तिथेच जायला पाहिजे. एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी घेतलं, स्वतःची १६ जीबी मेमरी असलेलं. हेच कार्ड याच नावाने ८ जीबीतही मिळतं आणि बॉक्सवर जीबीचा आकडा नीट बघितला नाही तर फसायला होतं. व्हॅलोरंटसारख्या गेमला ८ जीबी भरपूर झालं, तिथे प्रोसेसरच जास्त महत्त्वाचा, पण आजकालचे मोठे गेम टेक्श्चर (चित्रातले बारकावे) वाढवले की १०८०पीलाही (साध्या फुल एचडी स्क्रीनलाही) ८ जीबी भरून टाकतात, मग अॅव्हरेज एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) चांगला दिसतो आणि मधेच गेम अडखळतो. कार्ड चार-पाच वर्षं चालवायचं असेल तर मेमरीवर पैसे वाचवू नका हे मी अगदी मनापासून सांगतो.

प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ७६००. सहा कोर, बारा थ्रेड, ६५ वॅट, बॉक्समध्ये कूलर येतो. इंटेलचा १२४००एफ स्वस्त पडत होता, पण एफवाल्यात इनबिल्ट ग्राफिक्स नसतं, म्हणजे उद्या कार्ड वॉरंटीत गेलं तर पीसी नुसता उभा. ७६०० मध्ये बेसिक डिस्प्ले निघतो, पोराचं कॉलेजचं सबमिशन तरी अडत नाही. शिवाय हा प्रोसेसर बसतो त्या एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत तरी सपोर्ट देणार असं एएमडीने सांगितलंय, म्हणजे पुढे मदरबोर्ड तोच ठेवून फक्त प्रोसेसर बदलता येईल.

मदरबोर्ड बी६५० चिपसेटचा, रॅम १६ जीबीच्या दोन स्टिक डीडीआर५ ६०००, एसएसडी जेन फोर. यात फार डोकं लावायची गरज पडली नाही.

डोकं लावायचं ते एसएमपीएसला, आणि लोक नेमका तोच शेवटी उरलेल्या पैशात घेतात. आम्ही कॉर्सेअरचा सीएक्स६५० घेतला, ८० प्लस ब्रॉन्झ. हे कार्ड जेमतेम १६० वॅट खातं, त्यामुळे ६५० आरामात पुरतो आणि उद्या मोठं कार्ड आलं तरी बदलायला नको. कॅबिनेटसोबत येणाऱ्या बिननावाच्या डब्यावर ५०० लिहिलेलं असतं, पण तो खरंच सलग तेवढी पॉवर देतो का आणि काही बिघडलं तर स्वतः बंद होतो का ते कोणीच सांगत नाही. माझ्या एका मित्राचा असाच डबा पावसाळ्यात लाइट गेली-आली तेव्हा उडाला आणि जाताना बोर्डही घेऊन गेला. ८० प्लसचा शिक्काही फक्त विजेच्या बचतीचा आहे, क्वालिटीचा नाही, म्हणून मॉडेल आणि वॉरंटीची वर्षं दोन्ही बघा.

शेवटी खरेदी केली टिळक रोडच्या एका छोट्या दुकानात. काकांनी आमची लिस्ट वाचली, प्रत्येक पार्टचं पूर्ण मॉडेल कोटेशनवर टाइप केलं, १८ टक्के जीएसटी धरून दर लिहिले आणि बिलावर सीरियल नंबर टाकले. बिलाशिवाय स्वस्तात देतो म्हणणारेही भेटले होते, पण वॉरंटीला बिल लागतंच. असेंब्ली आमच्यासमोर केली. पहिल्यांदा चालू केला तेव्हा फॅन फिरतायत, लाइट लागलाय आणि स्क्रीन काळीच. एक मिनिट, दोन मिनिटं. भाच्याचा चेहरा उतरला, बटण दाबायला हात पुढे गेला तर काकांनी धरला, म्हणाले थांब रे बाळा, डीडीआर५ ला पहिल्या वेळी मेमरी ट्रेनिंगला, म्हणजे बोर्ड आणि रॅम जुळवून घ्यायला, वेळ लागतो. आणि आला की डिस्प्ले! मग बायोसमध्ये (बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्स्पो, म्हणजे रॅम पूर्ण स्पीडवर चालवणारं सेटिंग, ऑन केलं, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वरच चालत राहिली असती.

कमतरता एकच, बोर्डला वायफाय नाही. नावाच्या शेवटी वायफाय लिहिलेलं मॉडेल वेगळं असतं आणि ते आमच्या लिस्टमध्येच लिहायचं राहिलं, नंतर डोंगल घ्यावा लागला. बाकी पुढे जाळी असलेलं साधं कॅबिनेट घेतल्यामुळे एप्रिल-मेच्या उन्हाची काळजी कमी, जाळीवरची धूळ मात्र महिन्याला ब्रशने काढावी लागते.

आता घेणाऱ्यांसाठी, २०२५ च्या दिवाळीनंतर रॅमचे भाव खूप चढलेत, एआयच्या डेटा सेंटरकडे मेमरी वळल्यामुळे. तुम्ही घ्याल तेव्हाच्या भावात ३२ जीबी बसत नसेल तर १६ ची एकच स्टिक घ्या, थोडा परफॉर्मन्स जाईल पण दुसरी नंतर टाकता येते. कार्ड आणि एसएमपीएसमधून मात्र कापू नका. आणि घरी आल्यावर मॉनिटरची केबल बोर्डला नाही, कार्डाला लावा, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ (स्क्रीन सेकंदाला किती वेळा बदलते तो आकडा) स्वतः सिलेक्ट करा, आमचा पहिले दोन दिवस ६० वरच चालला होता.